फुग्यांचे प्राणी: कुत्रा काही केल्या उभा राहीना, मदत हवी

हाती_भोपळा | शनिवार, रात्री १०:४८

मंडळी, जरा लाजतच धागा काढतोय. भाची पुढच्या रविवारी सात वर्षांची होतेय. मागच्या भेटीत तिने विचारलं, "मामा, तुला फुग्याचा कुत्रा करता येतो?" आणि माझ्या तोंडून "हो, त्यात काय!" निघून गेलं. त्यात काय, ते आता कळतंय.

शंभर लांब फुग्यांचं पाकीट आणि हातपंप आणलाय. काल रात्री आणि आज मिळून एकतीस फुटले. शेजारचे येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेले. न फुटलेल्यांची कथा अशी: पहिला पीळ घालतो, दुसरा घालायला जातो तोवर पहिला गर्रकन उलटा फिरून सुटतो. पहिला धरून ठेवला तर दुसरा सुटतो. मला हात दोनच आहेत. एकदा सगळं जमल्यासारखं वाटलं, पण मोजले तर पाय तीन, आणि चौथ्यासाठी पुढे फुगाच उरला नव्हता.

व्हिडिओ बघून झाले. त्यातला माणूस गप्पा मारत मारत मिनिटाच्या आत कुत्रा करतो. माझं निम्मं लक्ष त्याच्या बोलण्यात जातं. कुणी सावकाश, लिहून समजावेल का?

---

मधली_सुट्टी | शनिवार, रात्री ११:०५

काहीच येत नाही, पण खुर्ची टाकून बसलेय. तीन पायांच्या कुत्र्याचा फोटो टाका ना.

---

टाचणी | शनिवार, रात्री ११:१२

पीळ कुठून सुरू करता? गाठीकडून की शेंड्याकडून?

---

हाती_भोपळा | शनिवार, रात्री ११:१५

शेंड्याकडून. म्हणजे गाठ शेवटी शेपटाला जाते, तोंडावर दिसत नाही.

---

टाचणी | शनिवार, रात्री ११:१६

एकतीस फुगे त्यातच गेले. गाठीकडून करा. आणि शेंडा रिकामा सोडा.

---

फुकट_फौजदार | रविवार, सकाळी ७:३०

पंप कशाला हवा? आम्ही लहानपणी सगळे फुगे तोंडाने फुगवायचो. फुप्फुसाला व्यायाम होतो.

---

रंगीत_तालीम | रविवार, सकाळी ९:२०

फौजदार, ते गोल फुगे होते हो. हा लांबुळका फुगा वेगळा. बोटाएवढ्या बारीक नळीत पहिला फुगीर भाग तयार करायलाच सगळी ताकद लागते. गालफडं दुखतात, कानात दडे बसतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तोंडाने फुगवणारे कलाकार आहेत, त्यांची सवय वेगळी. शिवाय ज्या फुग्याला आपली लाळ लागली तो दुसऱ्याच्या पोराच्या हातात देणं मला तरी पटत नाही. पंपच वापरा. ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडे हवा देणारा मिळाला तर उत्तम.

आता भोपळेराव, तुमच्याकडे वळते. मी बरीच वर्षं मुलांच्या कार्यक्रमांत हे करते आहे, त्यामुळे जरा लांब लिहीन.

पाकिटावर २६० लिहिलंय का बघा. तो आकडा म्हणजे पूर्ण फुगल्यावर जाडी २ इंच आणि लांबी ६० इंच. १६० असेल तर जाडी १ इंच, तो नवशिक्याच्या हाती छळतो. ३५० म्हणजे ३ इंच जाड, ५० इंच लांब. कुत्र्यासाठी २६०च हवा.

फुगवताना टोकाला निदान सहा बोटं जागा रिकामी सोडा. सरावलेले लोक चारवर भागवतात, तुम्ही सहा सोडा. शेवटी लोंबतं टोक राहिलं तर राहू दे, कुत्रा तक्रार करणार नाही. पंपावरून काढलात की गाठ मारायच्या आधी चिमूटभर हवा फुस्सकन सोडून द्या. आम्ही त्याला ढेकर म्हणतो. फुगा दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. ताठ, चकचकीत फुगा दिसायला छान, पण पिळायला नको. गाठ मारून झाली की गाठीजवळचा भाग मुठीत धरून एकदा दाबा, तेवढं टोक आणखी सैल होतं.

आता पीळ. फुगीर तुकड्याला सगळे बबल म्हणतात. मी शिकवताना कांडं म्हणते, बांबूचं असतं तसं. कुत्र्याची नऊ कांडी आणि उरलं ते शेपूट. नाक आणि दोन कान. मान आणि पुढचे दोन पाय. पोट आणि मागचे दोन पाय. तीन-तीनचे तीन गट, तिन्हींची कृती एकच.

नाकाचं कांडं चार बोटं लांब. अंगठा आणि तर्जनीने चिमटीत दाबा आणि कांडं तीन पूर्ण फेरे फिरवा. अर्धा फेरा नाही, तीन. मग कानाचं कांडं, तेवढंच. मग दुसऱ्या कानाचं. आता दोन्ही कान शेजारी शेजारी येतील असा फुगा दुमडा. पहिला पीळ आणि तिसरा पीळ एकमेकांना भेटतात. त्या जागी धरून दोन्ही कान एकत्र तीन फेरे फिरवा. कुलूप बसलं. आता हात सोडून बघा, हलणार नाही.

तुमचा दोन हातांचा प्रश्न: कुलूप बसेपर्यंत फक्त पहिलं आणि शेवटचं कांडं धरायचं असतं. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका नाकावर मुडपून ठेवा, अंगठा-तर्जनी पुढच्या पिळाला मोकळी. मधल्याला धरायची गरज नाही, पण अट एक: सगळे पीळ एकाच दिशेने. पहिला पुढे फिरवला तर सगळे पुढेच.

डावखुऱ्यांनी हेच आरशात बघितल्यासारखं वाचावं.

---

घनमूळ | रविवार, सकाळी १०:०२

रंगीतताई, वाचनखूण साठवली. एकाच दिशेचं कारण मजेशीर आहे, म्हणून मधे बोलतो.

मधलं कांडं मोकळं सोडलं की ते स्वतःभोवती फिरू बघतं. दोन्ही बाजूंचे पीळ एकाच दिशेचे असतील तर ते फिरताना एका बाजूचा पीळ सैल होतो आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच घट्ट होतो, म्हणून ते जागेवर राहतं. पीळ उलटसुलट असतील तर तेच कांडं फिरताना दोन्ही बाजू एकदम सुटतात. भोपळेराव, तुमचं "गर्रकन" बहुधा हेच असणार.

आणि टाचणी यांनी एका ओळीत सांगितलं त्यामागचं पदार्थविज्ञान: लांब फुगा सगळा एकदम जाड होत नाही. एक भाग पूर्ण फुगतो, बाकीचा नळीसारखाच राहतो, आणि हवा भरत गेलं की दाब जवळपास तोच राहून फुगीर भागाची सीमा पुढे सरकते. सुरुवातीला तो फुगीर भाग जन्माला घालायला दाब जास्त लागतो, म्हणून पहिली फुंकर जड जाते. पिळताना तुम्ही जागा कमी करता, दाब वाढतो, आणि पुढे रिकामी नळी असेल तर सीमा तिकडे सरकून दाब उतरतो. शेंड्याकडून सुरुवात केलीत तर पहिल्याच पिळाने ती रिकामी नळी तोडून टाकली. मग गाठीपर्यंत कोंडलेली हवा जाणार कुठे? रबराला ताण आणि तुम्हाला फटाका.

---

टाचणी | रविवार, सकाळी १०:०९

हेच म्हणालो होतो.

---

मधली_सुट्टी | रविवार, सकाळी १०:१५

एका ओळीत. :)

---

हाती_भोपळा | रविवार, रात्री ९:४०

सर्वांना साष्टांग दंडवत. गाठीकडून सुरुवात केली, सहा बोटं सोडली. आज अकरा फुगे घेतले, फुटले फक्त दोन! कानांचं कुलूप बसलं तेव्हा खरंच हात सोडून बघितला. नाही सुटलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. काय आहे हे?"

अडचण क्रमांक दोन: माझी कांडी एकसारखी येत नाहीत. एक कान सशाचा, एक उंदराचा. आणि तो कर्रकर्र आवाज ऐकला की हात आपोआप सैल पडतो, मग पीळ अर्धाच बसतो.

---

रंगीत_तालीम | सोमवार, दुपारी १:१०

आवाजाला भ्यायचं नाही, हे सांगून जमत नाही, म्हणून एक उद्योग देते. एक फुगा फुगवा आणि तो मुद्दाम फोडायचा असं ठरवून पिळत बसा. दहा फेरे, पंधरा फेरे. चष्मा लावा किंवा तोंड बाजूला ठेवा. लक्षात येईल की मऊ फुगा तीन फेऱ्यांना अजिबात दाद देत नाही. तो कर्रकर्र म्हणजे रबराला रबर घासतंय, बाकी काही नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच करायला लावते. कुत्रा दुसऱ्या दिवशी.

मापाचं म्हणाल तर डोळ्यावर विसंबू नका. पहिला कान झाला की दुसरा मोजायच्या आधी फुगा दुमडून पहिल्याच्या शेजारी धरा आणि जिथे पहिला संपतो तिथेच चिमटा. पायांचंही तसंच. पाय कानांपेक्षा लांब घ्या, सहा बोटं. पोट पायांएवढं.

---

खडूस_काकू | सोमवार, दुपारी ३:२५

सगळे गंमत करताय, मी आपली खडूस ती खडूसच. भाची सात वर्षांची आहे ना? अमेरिकेत लेटेक्स फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांबद्दल इशारा छापावाच लागतो. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्याचा तुकडा घशात गेला की श्वासनलिकेवर चिकटून बसतो. रबर लवचीक, त्यामुळे काढणं अवघड. आलेल्या मुलांत दोन-तीन वर्षांचं कुणी असेल तर आणखी जपा. फुटला की पहिलं काम तुकडे मोजून उचलणं, नाचणं नंतर. रिकामे फुगे खिशात किंवा पिशवीत, टेबलावर उघडे नकोत. घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांच्यासाठीही हेच.

आणि घरच्यांना आधी विचारा, कुणाला लेटेक्सची ॲलर्जी नाही ना. रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतं ते. काहींच्या अंगावर नुसता स्पर्श होऊन पित्त उठतं, काहींना त्याहून वाईट. कुणाला असेल तर हा कार्यक्रम सरळ रद्द करायचा, तिथे हट्ट नको.

---

हाती_भोपळा | सोमवार, दुपारी ३:५०

काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीला फोन केला. ॲलर्जी कुणाला नाही, पण दीड वर्षाचं एक पिल्लू येणार आहे. फुगे मी माझ्या कमरेच्या पिशवीतच ठेवीन.

---

फुकट_फौजदार | सोमवार, सायंकाळी ६:४४

काल एक लांब फुगा तोंडाने फुगवून पाहिला. पंप घ्या. बाकी बोलत नाही.

---

पाणकोंबडा | मंगळवार, सकाळी ८:१५

अवांतर: फुग्याचा इतिहास बघितला तर गंमत आहे. १८२४ मध्ये मायकेल फॅरेडेने हायड्रोजनच्या प्रयोगासाठी रबराचे दोन तुकडे कडेने चिकटवून फुगा केला. आतून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पीठ लावलं होतं. पुढे १९३१ मध्ये नील टिलटसनने पुठ्ठ्याचं मांजराचं तोंड कापून लेटेक्समध्ये बुडवलं. म्हणजे आपल्या लेटेक्स फुग्याच्या सुरुवातीलाच प्राणी आहे, तोही न पिळता.

अतिअवांतर: शिल्पकार जेफ कून्सचा 'बलून डॉग' फोटोत बघितला असेल सगळ्यांनी, आरशासारख्या स्टेनलेस स्टीलचा, तीन मीटरहून उंच. भोपळेराव, त्याचं नाक नीट बघा. नाकाच्या टोकाला गाठ आहे.

---

हाती_भोपळा | मंगळवार, सकाळी ८:४०

आत्ता बघितला. खरंच आहे की! एवढा मोठा पुरावा जगासमोर उभा, आणि मी गाठ शेपटाला लपवत होतो.

---

हाती_भोपळा | बुधवार, रात्री १०:३०

आज उलटं झालं. काल नऊपैकी आठ जमले होते, आज सहापैकी पाच फुटले, तेही पंपावरच, पीळ घालायच्या आधी. तेच पाकीट, तोच हात. काय बिघडलं?

---

रंगीत_तालीम | बुधवार, रात्री १०:५२

पाकीट कुठे ठेवलं होतं?

---

हाती_भोपळा | बुधवार, रात्री १०:५५

खिडकीत. उघडंच.

---

रंगीत_तालीम | बुधवार, रात्री ११:०८

मग त्यात फुग्याचा दोष नाही. ऊन आणि उघडी हवा ही लेटेक्सची वाळवी. फुगवलेला फुगा एक दिवस उन्हात ठेवलात तर त्याच्यावर धुरकट पांढरट थर चढतो, तो ऑक्सिडेशनचा. न फुगवलेल्यालाही तेच होतं, फक्त हळू. पाकीट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, अंधारात, थंड जागी ठेवायचं. फार गार पडले तर रबर कडक होतं, मग कामाच्या आधी पाचेक मिनिटं खिशात ऊब द्यायची.

आणखी शत्रू सांगून ठेवते: नखाचा कोपरा, अंगठी, वाळकं गवत, खडबडीत भिंत. हाताला संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल असेल तर फुगा हातातच जातो, त्या तेलाने रबर विरतं. माझा एकदा एकामागून एक सात फुग्यांचा बार उडाला. समोर मुलं टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं हाही खेळच. हात धुऊन आले तेव्हा थांबलं.

रविवारसाठी नवीन पाकीट आणा. उरलेले सरावात संपवा.

---

मधली_सुट्टी | गुरुवार, दुपारी १२:२०

कबुली देते. खुर्ची टाकून बसले होते, पण काल पाकीट आणलंच. पहिलाच प्रयत्न, मान लांबली, पोट आखूड झालं. नवरा म्हणाला, "अरे वा, जिराफ!" मी पण म्हटलं, हो, जिराफच करत होते.

---

रंगीत_तालीम | गुरुवार, दुपारी १:३५

अगं, हीच तर खरी युक्ती, तुला चुकून सापडली! मान लांब केली की जिराफ. पोट लांब आणि पाय आखूड केले की डॅक्सहंड. कान लांब केले की ससा. सगळी कांडी बारकी घेऊन पुढचा फुगा लांब सोडला की उंदीर. कृती एकच, फक्त कांड्यांची लांबी बदलायची.

भोपळेराव, म्हणून रविवारी "काय हवं?" असं चुकूनही विचारू नका. मुलं लगेच डायनासोर मागतात, त्यापुढे आगगाडी, आणि मी एकदा "माझी आजी" ऐकलंय. "कुत्रा, ससा की जिराफ?" असं विचारा. तलवार चौथी ठेवा, फुग्याचं एक टोक दोनदा दुमडून एकच पीळ, पण तलवारी वाटल्यात की पुढच्या मारामारीला तुम्ही जबाबदार.

डोळे काढायचे तर मऊ टोकाचा मार्कर, हलक्या हाताने, आणि काढल्यावर लगेच बोट फिरवू नका.

---

टाचणी | गुरुवार, दुपारी १:५०

तलवार नको.

---

हाती_भोपळा | शुक्रवार, रात्री ११:२२

ससा जमला. उभा राहत नाही, बसतो, पण ससा बसलेलाच बरा दिसतो. अस्वल करायला गेलो. त्याच्या कानाला एकच कांडं घेऊन त्यालाच स्वतःभोवती पिळायचं असतं ना? दोनदा फुटलं.

---

रंगीत_तालीम | शुक्रवार, रात्री ११:४०

हो, तो चिमटा पीळ. सुपारीएवढं छोटं कांडं करायचं, दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि कांडं वर ओढून फिरवायचं. ओढून, हे महत्त्वाचं. न ओढता फिरवलं की रबर एका जागी घासून फुटतं. पण अस्वल सोडा हो आता. उद्या दिवसभर फक्त कुत्रा, न बघता, गप्पा मारत. समोर पंधरा पोरं "आधी मला" म्हणत असतात तेव्हा बोटांनाच आठवावं लागतं.

---

हाती_भोपळा | रविवार, रात्री १०:१५

बावीस कुत्रे, नऊ ससे, चार जिराफ. फुटले सहा, तुकडे काकूंच्या हुकुमाप्रमाणे मोजून उचलले. दीड वर्षाच्या पिल्लाला फुगा दिला नाही, त्याला पंप जास्त आवडला, तो त्याने सोडला नाही. उजव्या हाताच्या तर्जनीवर गाठी मारून मारून साल निघालीय, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

भाचीने पहिला कुत्रा हातात घेतला, उलटा केला, पाय मोजले. "मामा, चार आहेत." मग जमिनीवर ठेवला. उभा राहिला!! फोटो टाकतोय. तिने त्याचं नाव ठेवलंय भोपळा. मी माझा आयडी तिला सांगितलेला नाही, शपथ.

---

मधली_सुट्टी | रविवार, रात्री १०:२१

आई गं, भोपळा!

---

खडूस_काकू | रविवार, रात्री १०:३३

शाब्बास. गाठ मारताना पुढच्या वेळी बोटाला चिकटपट्टी लाव.

---

टाचणी | रविवार, रात्री १०:४०

फोटो बघितला. मागचा डावा पाय अर्धं बोट लांब आहे. बाकी ठीक.